कोरडं गोणपाट

मे महिना तापला की आमच्या गच्चीवर पहाटे पहाटे चपला फटफटायला लागतात. वरच्या खोलीत तीन पोरी भाड्यानं राहतात. इथे अमरावतीला विद्यापीठात शिकतात, आणि परीक्षा आली की ऊन चढायच्या आत गच्चीवर येरझारा घालत पाठांतर करतात. मी खाली अंगणात बाजेवर पडलेली असते. कूलरच्या ओल्या गवताचा वास, शेजारच्या मोगऱ्याचा वास, आणि वरून येणारा त्यांचा आवाज. एक जण इंग्रजीत काहीतरी घोकते, दुसरी मध्येच विसरते, तिसरी हसते. बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी पोरींचा अभ्यास ऐकून सुखावली आहे. खोटं कशाला बोलू, मी जळते.

त्यांच्या वयावर नाही जळत. वय मलाही होतं, येऊन गेलं. त्यांच्या गाड्यांवर नाही, मोबाइलवर नाही. माझ्या जळण्याची जागा फार बारीक आहे. ती मागच्या आठवड्यात पुन्हा ठसठसली. त्या तिघींतली रेणू वाटी घेऊन विरजण मागायला खाली आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि सहज म्हणाली, "आजी, माझा एक बॅक लागला."

बॅक म्हणजे एका विषयात नापास. इतक्या वर्षांत एवढं मला कळायला लागलं आहे.

"मंग आता वं?" मी विचारलं.

"मंग काय, फॉर्म भरला. पुन्हा देऊन राहिली." तिनं वाटीच्या काठाची साय बोटानं पुसून तोंडात घातली आणि पायऱ्या चढून गेली. चढता चढता काहीतरी गुणगुणत होती.

गुणगुणत होती हो. नापास झालेली पोरगी. त्या दिवशी माझी भाजी करपली.

मी सातवीची परीक्षा दिली ती बाळापूरला. तेव्हा केंद्र तिथे होतं. आम्हा चौघी पोरींना घेऊन गावातली एक बैलगाडी निघाली होती, आणि कुणाच्या तरी आईनं गूळ-दाण्याच्या पुरचुंड्या बांधून दिल्या होत्या. किल्ल्याची भिंत दिसली की मी पाढे घोकायला लागायची. भाषेचा पेपर मी असा लिहिला की बाईंनी जादा कागद दिला. गणिताच्या दिवशी मात्र हौद भरणारे दोन नळ आले आणि हौद काही भरला नाही. निकाल लागला, मी गणितात गेले. बाबांनी वर्तमानपत्र वाचून खाली ठेवावं तसा तो विषय खाली ठेवला. म्हणाले, "पोरीचं एवढं पुरे झालं." रागावले नाहीत, मारलं नाही. पुन्हा बसवायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझा थोरला भाऊ मॅट्रिकला तीनदा बसला. तिन्ही वेळा घरात शिरा झाला.

पुढे मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. हळदीच्या पुडीवर अर्धी बातमी असायची, उरलेली अर्धी मी मनानं लावून घ्यायची. मग लग्न, मग शेत, मग बाळापूरच्या वाचनालयातून आमच्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, सायकलीला अडकवून आणलेली पुस्तकं. असं लिहिणं जमायला लागलं. पण सातवीचा तो हौद अजून रिकामाच आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना चार-सहा महिने खेड्यात राहायला पाठवतात. एकेका शेतकऱ्याशी त्यांची गाठ घालून देतात, त्याच्या शेतात शिकायचं, गावाला काही शिकवायचं, रोजचं रोज वहीत लिहायचं. पोरींना कृषिकन्या म्हणतात. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या गावात अशा तिघी आल्या. त्यातली प्रणाली आमच्या वाट्याला आली, म्हणजे वहीत नाव आमच्या घरच्यांचं, पण तिला शेत दाखवायचं काम माझं. अचलपूरची पोरगी. उंच, बोलायला खणखणीत, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र ती भाकरी खाताना पाठीवर टाकायची आणि हात धुतला की पुन्हा पुढे घ्यायची.

तो जूनचा आरंभ होता. जमीन तापून भेगाळलेली, आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी रिकामं व्हायचं. वखरणी झालेली. घराघरांत बियाणं बाहेर निघालं होतं, बाया ओसरीवर सूप घेऊन सोयाबीन निवडत होत्या. त्या आवाजावरून मी अजून महिना ओळखू शकते, सुपात दाणा सरकतो तो आवाज.

प्रणालीला मी सगळं दाखवलं. तिफणीमागे सरता, म्हणजे बी सोडायची नळी, कशी धरायची, ओटीतून मुठीनं तूर कशी सोडायची म्हणजे झाडं दाटीनं येत नाहीत. दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखायची. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. सुबक अक्षर, खाली रेघ, बाजूला चित्र. एकदा तिनं मला वाचून दाखवलं. माझ्या आईनं मला शिकवलेलं, आईला तिच्या आईनं शिकवलेलं, सगळं तिथे होतं, आणि वर नाव होतं प्रणालीचं. "छान उतरलं ना काकू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "हो." आणि चुलीत लाकडाचा फाटा जरा जोरात सारला.

पण खरं सांगू, वहीचं दुःख लहान होतं. मोठं दुःख तिच्या वागण्याचं होतं. संध्याकाळी तिघी मैत्रिणी आमच्या ओसरीवर जमायच्या आणि होस्टेलच्या गोष्टी निघायच्या. कोणी कोणाचा डबा खाल्ला, कोणी रडत होती तर सगळ्या खोलीनं तिच्यासोबत जागरण केलं, कोणाला माइकपुढे बोलता येत नव्हतं तर मैत्रिणींनी तिला आरशासमोर उभं केलं. प्रणाली म्हणायची, "काकू, पयल्या वर्षी मी वर्गात हू की चू करत नव्हती. मेसमध्ये भाजी कमी पडली तरी मागत नव्हती." आता तीच पोरगी गावातल्या पंचवीस माणसांपुढे उभी राहून बीजप्रक्रिया सांगत होती. एका म्हाताऱ्यानं तिला आडवं विचारलं, "माती अशी पिवळी काहून पडून राहिली वं बाई?" आणि ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत नाही आजोबा. सरांना विचारून सांगते."

मला माहीत नाही. चारचौघांत. मान खाली न घालता. मी सासरी आल्यापासून एकदाही असं म्हणू शकले नव्हते. म्हटलं असतं तर आईच्या नावानं उद्धार झाला असता. हे चार वर्षांत कुठे शिकवतात, कोणत्या तासाला, ते मला बघायचं होतं. मला वाटायचं, तिला धरून हलवावं आणि म्हणावं, थोडं मला दे.

आमच्या घराला लागून वच्छलाचं घर. चार एकर काळी जमीन, कामाला वाघीण. तिच्या ओसरीत निळ्या कोटातला फोटो, त्याला रोज ताजं फूल. तिच्या सासऱ्यांनी घरातल्या एकूण एक पोरीला शिकवलं. वच्छलाची मोठी लेक बारावीत नापास झाली, तर वच्छलानं तिला दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन पुन्हा नाव घातलं. ती आज नर्स आहे. मी त्या घरावरही जळतेच, ते वच्छलाला ठाऊक आहे. त्या वर्षी वच्छलानं घरचंच सोयाबीन बियाण्याला राखलं होतं. पोती आपटली नाहीत, उंच थप्पी लावली नाही, लेकराला जपावं तसं जपलं.

प्रणालीनं ठरवलं, वच्छलाच्या बियाण्याची उगवण तपासून गावाला दाखवायची. काम सोपं असतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालायचं, वळकटी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचं. त्यावर ठरतं, हे बियाणं पेरायचं की नाही. वळकटी आमच्या मागच्या दारी, माठाजवळ ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रणाली बॅग भरताना दिसली.

"कुठं जाऊन राहिली वं?"

"अकोल्याला. पेपर आहे काकू. संख्याशास्त्राचा बॅक."

"म्हणजे गणित?"

"तसंच समजा. दोनदा गेला." ती हसली. "तिसऱ्यांदा देऊन राहिली. या वेळी बी नाही निघाला तर आमच्या रूमवाल्या मले रूममधूनच काढतील. तीन दिवस पाणी टाकाल ना काकू, सकाळ-संध्याकाळ? नक्की?"

"टाकीन."

एसटीच्या खिडकीतून तिनं हात हलवला. मी घरी आले. माठ भरलेला होता, वर तांब्या पालथा होता. मी तांब्या उचलला आणि उभी राहिले. दोनदा गेला, म्हणाली. हसून. माझा एकदा गेला होता. मी तांब्या परत पालथा घातला.

विसरले असं मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही. तीनही दिवस मला आठवण होती. सकाळी झाडताना वळकटीभोवतून झाडायची, तिला झाडू लागू द्यायची नाही, आणि पाणीही द्यायची नाही. ऊन असं की वाळत घातलेलं लुगडं घडी घालेपर्यंत कडक व्हायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोणपाटाला हात लावला तर ते पापडासारखं वाजलं. मग मी घाबरून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बाहेरून ओलं दिसलं.

प्रणाली परत आली, पेपर चांगला गेला होता. येताना माझ्यासाठी अकोल्याहून खारे शेंगदाणे आणले होते. ठरल्या दिवशी समाजमंदिरात बाया जमल्या, अकोल्याहून तिचे सर आले, आणि तिनं सगळ्यांसमोर वळकटी उलगडली. काही दाण्यांना कोंब होते. बाकीचे अर्धवट फुगून सुरकुतलेले, कुठे कोंब निघून वाळलेला. वच्छला पुढे वाकून बघत होती. तिचा चेहरा मला आठवायचा नसतो, पण आठवतो.

सरांनी विचारलं, "पाणी वेळेवर दिलं होतं?"

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"हो सर," ती म्हणाली.

"मग हे बियाणं पेरू नका बाई," सर वच्छलाला म्हणाले. वाईट माणूस नव्हते, हळू बोलले. प्रणाली अडून बसली, "सर, दाणा हाताला चांगला लागून राहिला होता. मी एकदा पुन्हा लावून पाहते. माझंच काही चुकलं असेल." सर म्हणाले, पेरणी तोंडावर आहे, तुझ्या चाचणीसाठी पाऊस थांबत नसतो.

बाया उठल्या. एक जण जाता जाता कुजबुजली, "लेकरावानी जपलं म्हणे." ते वच्छलानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेर मालाच्या ऑटोचा भोंगा वाजला. वच्छला तिची पोती बाळापूरच्या बाजारात पाठवत होती. वर्षभर राखलेलं बियाणं तेलासाठी जाणार होतं. एक पोतं चढलं, दुसरं चढलं. प्रणाली दारात उभी होती, ओळखपत्र मुठीत धरून. मी पिठाच्या हातानं बाहेर आले.

"उतरव वच्छला," मी म्हणाले.

"काहून?"

"तुझं बियाणं चांगलं हाय. म्या पाणी नाही टाकलं."

ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. अशा वेळी इंजिन बंद करू नये, सगळं ऐकू येतं.

वच्छलानं पदर खोचला. "काहून बाई? तुमच्या घरचा माठ आटला होता काय?"

"भरलेला होता."

प्रणाली घरात गेली, आपलं ताट मांडणीवरून काढलं आणि मैत्रिणींच्या खोलीवर नेलं. दोन दिवस ती आमच्याकडे जेवली नाही. मी तिच्या नावाची भाकरी करायची आणि गाईला घालायची. आमच्या घरच्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "तुले त्या पोरीचं काय एवढं?" त्यांना मी काय सांगणार? बाळापूरच्या हौदाचं? हसले असते.

तिसऱ्या दिवशी प्रणाली वही घेऊन आली. ओसरीवर बसली, माझ्यापासून लांब. तो राग मला आवडला, खरं सांगते. कोणीतरी मला एवढं मोठं समजून रागावलं होतं.

"इथं कारण लिहायचं असते," ती म्हणाली. "उगवण कमी येण्याचं कारण. काय लिहू?"

"खरं हाय ते लिही."

"पाणी दिलं नाही, एवढंच? की काहून नाही दिलं ते बी?"

"त्याले रकाना हाय का?"

"नाही."

"मंग राहू दे."

पण तिनं पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. तेव्हा मी सांगितलं. गाडी, गूळ-दाणे, दोन नळ, बाबांचं एक वाक्य. भावाचा शिरासुद्धा सांगितला. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

"म्हणून तुमी माझं बियाणं मारलं," ती म्हणाली.

"तुझं कुठचं, वच्छलाचं."

त्यावर तिला हसू आलं. तिला ते नको होतं, तरी आलं. मग तिनं वहीत लिहिलं, "पाणी देणाऱ्याकडून जाणूनबुजून हयगय," आणि वही माझ्याकडे फिरवली. "सही करा."

"सह्या तर तुझे काका करतात."

"पाणी काकांनी नव्हतं टाकायचं."

सातवीनंतर मी परीक्षेच्या कागदावर पहिल्यांदा नाव लिहिलं. द्वारका, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे आडनाव. अक्षर वाकडं आलं, पण ओळ सोडली नाही.

दुसरी चाचणी लावायची ठरली. पावसानं सवड दिली होती. प्रणाली म्हणाली, वळकटी मी मैत्रिणींच्या खोलीवर ठेवते, आणि तिचं बरोबर होतं. वच्छला आडवी आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून? इथंच ठेव, द्वारकाबाईच्या माठापाशी. पाणी तेच टाकतील."

"पुन्हा त्याच?" प्रणालीनं विचारलं.

"आमच्या घरी नापास झालेल्याले दुसऱ्यांदा बसवतेत," वच्छला म्हणाली आणि सूप उचलून चालू लागली.

ते सहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. सकाळी उठल्याबरोबर पाणी, दुपारी हात लावून बघणं, संध्याकाळी पाणी. जास्त झालं तर दाणा कुजतो, म्हणून तांब्यानं नाही, ओंजळीनं. शेजारच्या बाया कुंपणावरून चिडवायच्या, "द्वारकाबाई, लेकरू निजलं का?" सहाव्या दिवशी उलगडलं, तर ओळीच्या ओळी पांढऱ्या कोंबांनी उभ्या. प्रणालीनं मोजायला लावलं मलाच. मी मोठ्यानं मोजत गेले, आणि कुठेतरी ऐंशीच्या पुढे माझे आकडे चुकले. उरलेले वच्छलानं मोजले. गणितात मी अजून कच्चीच आहे.

वच्छलाचं सोयाबीन त्या वर्षी गुडघ्यावर आलं. प्रणाली दसऱ्यापर्यंत राहिली, कढी-गोळे करायला शिकली, वखर चालवायला शिकली, मी सांगते त्यातलं काय वहीत लिहायचं आणि काय सोडून द्यायचं ते शिकली. तिचा बॅकही निघाला. आता ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कधी फोन करते. मागे म्हणाली, "काकू, नव्या पोरी आल्या की मी पयले एकच विचारायला लावते. उगवण कमी आली? मंग पाणी कोण टाकून राहिलं होतं ते पाहा." मी म्हणाले, "आणि काहून नाही टाकलं ते?" ती म्हणाली, "त्याले अजून बी रकाना नाही काकू."

विद्यापीठात काय शिकवतात ते मी तिथे न जाता एवढंच शिकले. तिथल्या तासांबद्दल मला बोलता येणार नाही. पण तिथे चुकायला जागा असते, आणि चुकल्यावर पुन्हा बसायला बाक असतो. पोरी त्यानं मोठ्या होतात. ज्यांना तो बाक मिळाला त्यांना तो दिसतसुद्धा नाही, म्हणून त्या गुणगुणत जिना चढतात. बाहेर उभ्या असणाऱ्याला मात्र तो सगळ्यात आधी दिसतो.

आमचे घरचे वारल्यावर मी मुलाकडे अमरावतीला आले. दर मे महिन्यात गावच्या बाया एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मूठमूठ बियाणं पाठवतात, पुरचुंडीवर नाव लिहून. वच्छलाची पुरचुंडी सगळ्यात आधी येते. मी इथे मागच्या व्हरांड्यात गोणपाट लावते.

आज सकाळी रेणू पेपरला निघाली होती. हाच तो बॅकचा पेपर. ओल्या केसांचा वास, तोंडात दही-साखर. मला पाणी शिंपडताना पाहून थांबली.

"आजी, हे काय रोज न्हाऊ घालून राहिल्या?"

"माझा बॅक हाय."

"अजून नाही निघाला?"

"निघाला कवाचाच. तरी दर साली देते."

ती हसली, घड्याळ पाहिलं आणि पळाली. फाटकापाशी तिनं ओळखपत्र सरळ केलं. मला हेवा वाटला. वाटतोच. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिले, मग ओंजळ पुन्हा भरली.